दहा रुपयांचं तिकीट आणि दुपारी बंद होणारं फाटक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. घराजवळची सार्वजनिक बाग सुशोभीकरणासाठी वर्षभर बंद होती. उघडली तेव्हा दाराशी तिकिटाची खिडकी आली होती, लहान-मोठा सगळ्यांना सारखाच दर, माणशी १० रुपये. शेजारी नियमांचा फलक: हिरवळीवर बसू नये, चेंडू आणू नये, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, दुपारी १२ ते ४ उद्यान बंद. तुम्ही, सासूबाई आणि दोन मुलं पूर्वी आठवड्यातून पाचदा जायचात, आता फक्त रविवारी जाता. शेजारणीकडे विषय काढलात तर ती म्हणाली, "दहा रुपयांत काय जातंय? निदान आता कोणीही उठून आत येत नाही." आणि तुम्ही विचारताय की सार्वजनिक बागेला असं शुल्क लावणं न्याय्य आहे का, आणि हे नियम ठरवतं कोण.

मी दापोलीला शेतकी शिकून मुंबईत आले आणि ३१ वर्षं सार्वजनिक उद्यानांच्या देखभालीत काढली. उद्यानविद्या सहायक म्हणून लागले, पुढे एका मोठ्या भागातल्या सगळ्या बागा माझ्याकडे होत्या. शुल्क बसवावं अशा कार्यालयीन टिपण्या मी स्वतः लिहिल्या आहेत. त्यातल्या दोन मी आज लिहिल्या नसत्या. त्यामुळे मी हे दोन्ही बाजू पाहून लिहिते आहे.

तुमच्या शेजारणीचं वाक्य मला तुमच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण खरा मुद्दा त्यात आहे. शुल्क दोन कारणांसाठी लावता येतं. एक, बाग चालवायला पैसा लागतो म्हणून. दुसरं, माणसं गाळायला. पहिल्या कारणावर हिशोब मांडता येतो, वाद घालता येतो, कमी-जास्त करता येतं. दुसरं कारण कुठल्याच टिपणीत लिहिलेलं नसतं. तिथे 'गर्दीचे नियमन' असं लिहितात. मीही तेच लिहिलं होतं.

मग आपल्या बागेत यातलं कोणतं कारण आहे हे ओळखायचं कसं? बाग कोणत्या प्रकारची आहे यावर ते पुष्कळ अवलंबून आहे.

राणीबाग घ्या. भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीनं ते उभं केलं आणि १८७३ पासून ते नगरपालिकेकडे आलं. तिथे गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, आणि ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. उर्वशीचे लालभडक घोस झुंबरासारखे लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. ज्यानं ती फुललेली पाहिली नाही त्यानं एकदा केवळ तिच्यासाठी जावं. शिवाय तिथे प्राणिसंग्रहालय आहे. जनावरांचा चारा, मांस, मासे, पशुवैद्य, पिंजऱ्यांची स्वच्छता हा खर्च कोणत्याही साध्या बागेच्या कितीतरी पट असतो. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून ८ हम्बोल्ट पेंग्विन आणले, २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचं दालन खुलं झालं. त्यांना थंड हवा आणि थंड पाणी चोवीस तास लागतं. १ ऑगस्ट २०१७ पासून राणीबागेचं शुल्क मोठ्यांना ५ रुपयांवरून ५० झालं, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २ रुपयांवरून २५. आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला १००. परदेशी प्रौढ पाहुण्याला ४००. सकाळी फिरायला येणाऱ्यांना महिन्याचा पास १५० रुपये.

हे शुल्क अन्याय्य आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. वर्षातून दोनदा जाण्याचं ते ठिकाण आहे आणि खर्चही दिसतो. पण दरपत्रक वाचताना मी नेहमी एक करते: कागदावरच्या कुटुंबाच्या जागी खरी माणसं उभी करते. आईवडील आणि दोन मुलं, चौघांचे १०० रुपये. आता एकटी आई आणि तिची दोन मुलं उभी करा. ५० अधिक २५ अधिक २५, म्हणजे तिघांचेही १००. नवरा नाही म्हणून तिला सवलतीतला एक पैसाही मिळाला नाही. मावशी तीन भाच्यांना घेऊन आली तर ५० अधिक ७५, म्हणजे १२५. माणसं चारच, पण ती 'कुटुंब' नाहीत. मुंबईत रविवारी बागेत येणारी टोळकी नीट बघा: आजी, आत्या, शेजारची दोन पोरं, गावाहून आलेला पुतण्या. कुणाचं वाईट करायच्या हेतूनं हे दर ठरवले असं मला मुळीच वाटत नाही. दर ठरवताना डोळ्यांसमोर एकाच आकाराचं घर होतं, एवढंच. "एका मोठ्या माणसासोबत दोन मुलांना निम्म्याहून कमी दर" असं लिहिलं असतं तर हेच दर जास्त लोकांना पुरले असते.

परदेशी पाहुण्याला आठपट दर हाही प्रश्न अनेकांना पडतो. घारापुरीच्या लेण्यांवरही परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा आहे. प्रवासाला आलेल्या माणसाकडून जास्त घेणं मला खटकत नाही. शहर चालवायचा भार बारा महिने तो उचलत नाही. पण त्या दोन दरांमध्ये इथे नोकरी करणारे, इथे शिकणारे परदेशी लोकही सापडतात. त्यांच्याकडे निवासाचा पुरावा असेल तर तो चालावा. ही दुरुस्ती एका ओळीची आहे.

मला राणीबागेत खरं तर झाडांची बाग आणि प्राणी यांचं तिकीट वेगळं असावं असं फार वाटायचं. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात तसंच आहे: बाग सगळ्यांना फुकट, आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट. पण राणीबागेत पिंजरे आणि जुनी झाडं एकमेकांत मिसळली आहेत, मध्ये कुंपण घालायचं तर झाडांच्या मुळांवरच घाव बसेल. मग वाटणी जागेची न करता वेळेची करणं हा मार्ग उरतो, आणि सकाळचा पास नेमकं तेच करतो. प्राणिसंग्रहालय उघडण्याआधी झाडांखाली फिरा, महिन्याला १५० रुपये, म्हणजे रोजचे ५. बुधवारची सुट्टीही लोकांना जाचक वाटते, पण प्राणिसंग्रहालयांच्या २००९ च्या नियमांप्रमाणे आठवड्यातून एक दिवस ते लोकांसाठी बंद ठेवावंच लागतं. जनावरांना एक दिवस तरी शांतता मिळायला हवी. प्राण्यांना खायला न घालण्याचा नियम तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच आहे, कलम ३८जे. तिथला सुरक्षारक्षक तुमच्या हातातली वेफर्सची पिशवी बाहेर ठेवायला लावतो तेव्हा तो स्वतःची मर्जी चालवत नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे मुळातच जागा थोडी असलेली ठिकाणं. मलबार हिलवर २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा उन्नत लाकडी मार्ग उघडला. भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००, तासातासाची वेळ आधी ऑनलाइन घ्यायची. अशा अरुंद पुलावर एका वेळी किती माणसं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, तिथे वेळ वाटून देणं योग्यच. फक्त एक खिडकी अशीही हवी, जिथे मोबाइल नसलेला माणूस रोख पैसे देऊन उरलेली जागा घेऊ शकेल. जागा वाटायला लावलेली रांग ही मोबाइल असलेल्यांचीच रांग होऊन बसू नये.

आता तुमची बाग. ती या दोन्हींत बसत नाही. प्राणी नाहीत, दुर्मिळ संग्रह नाही, पूल नाही. गुलमोहर, सोनमोहोर, दोन रेन ट्री, घसरगुंडी, झोपाळे, चालायची वाट. ही रोजची बाग आहे, आणि रोजच्या बागेला तिकीट नसावं हे माझं ठाम मत आहे. राणीबागेला ५० रुपये वर्षातून दोनदा द्यायचे असतात. तुमचे १० रुपये रोजचे आहेत. तुम्ही चौघं आठवड्यातून पाचदा गेलात तर एका फेरीचे ४० आणि महिन्याचे ८०० होतात. म्हणून तुम्ही पाचाचा एक दिवस केलात. शेजारणीला दहा रुपये लहान दिसतात कारण ती एकदाचा हिशोब करते. सासूबाईंच्या गुडघ्यांना रोजचं चालणं हवं असतं.

शुल्काच्या बाजूनं पहिला मुद्दा येतो तो देखभालीचा. तो खोटा नाही. पाणी, माळी, रात्रीचा पहारा, दिवे, तुटलेले झोपाळे, सगळ्याला पैसा लागतो. पण तिकीट गोळा करायलाही पैसा लागतो, हे टिपणीत कोणी लिहीत नाही. समजा सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या, प्रत्येकीत खिडकीवर एक आणि फाटकावर एक, आणि साप्ताहिक सुट्टीसाठी एक बदली. पाच माणसं झाली. प्रत्येकाचा महिन्याचा खर्च २०,००० धरा, म्हणजे १ लाख. दर ५ रुपये असेल तर निव्वळ तिकीट फाडणाऱ्यांच्या पगारासाठी महिन्याला २०,००० तिकिटं विकली गेली पाहिजेत, दिवसाला साधारण ६७०. त्यानंतर पहिला रुपया झाडाला. दर १० असेल तर १०,००० तिकिटं. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत लहान बागेत एवढी माणसं येत नाहीत. शिवाय तिकिटांची पुस्तकं, रोजचा भरणा, सुट्ट्या पैशांची भांडणं, लेखापरीक्षण. माझ्या एका बागेत आम्ही दोन वर्षं शुल्क घेतलं आणि शेवटी हिशोब मांडला, तेव्हा खिडकीनं स्वतःचं पोट कसंबसं भरलं होतं.

पुढचा भाग लोकांना सहसा माहीत नसतो. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे जमा होणारा पैसा महापालिका निधीत जातो. तुमच्या बागेचे १० रुपये तुमच्या बागेच्या झाडांसाठी बाजूला काढून ठेवलेले नसतात, अर्थसंकल्पात वेगळी तरतूद असल्याशिवाय ते शोधताही येत नाहीत. त्याच कायद्यात रस्ते-सांडपाण्यासारखी कामं बंधनकारक आहेत आणि उद्यानं कलम ६३ खालच्या ऐच्छिक कामांत येतात. म्हणून काटकसर करायची वेळ आली की कात्री आधी बागांवर येते आणि मग "शुल्क लावू" ही सूचना पुढे येते.

शुल्काच्या विरोधात लोक एक वाक्य हमखास म्हणतात: "आम्ही कर भरतो, म्हणून बाग फुकट हवी." तुम्हीही लिहिलंय. तुमच्या बाजूची असूनही मी तुम्हाला हे वाक्य वापरू नका असं सांगेन. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मग दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांचा बागेवर हक्क कमी? उलट ज्याच्या घरात पाय पसरायला जागा नाही, त्यालाच बागेची गरज जास्त. मुलाला अभ्यासाला बसवलं की बाकीच्यांनी दाराबाहेर जायचं, अशी घरं या शहरात लाखांनी आहेत. बाग त्यांची बाहेरची खोली असते. हक्क मागायचा तर या गरजेवर मागा. कराच्या पावतीवर मागितलात तर उद्या तीच पावती दुसऱ्या कोणाला दाराबाहेर ठेवायला वापरली जाईल.

ते दाराबाहेर राहणं दिसतं कसं, ते एकदा मी जवळून पाहिलं. शुल्क सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यातल्या एका रविवारी मी साध्या कपड्यांत खिडकीच्या बाजूला उभी होते, रांग कशी चालते ते बघायला. एक माणूस तीन मुलांना घेऊन आला. धाकटी खांद्यावर. तो फलकापाशी थांबला, नजरेनं मुलं मोजली, शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, आणि काही न काढता तशीच बाहेर घेतली. मग मुलांना म्हणाला, "आज बंद आहे रे." थोरल्याला आतला झोपाळा हलताना दिसत होता. तो काही बोलला नाही. चौघं वळून गेले. त्या दिवशीच्या भरण्यात त्या कुटुंबाची नोंद कुठेच नव्हती. आलेल्यांची तिकिटं मोजली जातात, परत गेलेल्यांचा कागद नसतो. तेव्हापासून माझं म्हणणं आहे की शुल्क लावायचंच असेल तर फाटकावरच्या वहीत 'परत गेले' असा एक रकाना हवा. पहिले तीन महिने तो भरा आणि मग शुल्क योग्य की अयोग्य यावर बोला.

आणि तरीही, तुमच्या फलकावरची सगळ्यात मोठी अन्याय्य ओळ मला १० रुपयांची वाटत नाही. दुपारी १२ ते ४ बंद, ही ती ओळ.

उपनगरातल्या एका बागेची जबाबदारी माझ्याकडे होती तेव्हाची गोष्ट. भोवती मोठ्या सोसायट्या. घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामं साडेबाराला संपायची, दुपारची भांडी तीनला सुरू व्हायची. घरी जाऊन यायचं तर रिक्षाचे पैसे आणि तासभर वेळ. त्या आमच्या बागेच्या बाहेर कुंपणाच्या कठड्यावर ओळीनं बसायच्या, मांडीवर डबा. सूर्य असा असायचा की कुंपणालगतच्या रेन ट्रीची सावली आतल्या रिकाम्या बाकांवर पडायची आणि यांचे पाय उन्हात. त्यातली एक वयस्क मावशी एकदा मला म्हणाली, "बाई, आत सावली असते तेव्हाच दार बंद का करता?"

माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं: त्या वेळी झाडांना पाणी घालतात. उत्तर देता देता मलाच कळलं की हे खरं नाही. भर दुपारी कोणताही माळी पाणी घालत नाही, बरंच पाणी मातीत मुरायच्या आधी उडून जातं. आम्ही पाणी सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर घालायचो. झाडलोट सातच्या आत व्हायची. दुपारी बाग बंद असण्याची खरी कारणं दोन होती. पहारेकऱ्याचं जेवण आणि पाळीबदल, आणि बाकांवर बसणारी जोडपी, ज्यांच्याबद्दल सोसायट्यांमधून तक्रारीची पत्रं यायची. पहिल्या कारणाला अर्ध्या तासाची बदली पुरते. दुसऱ्याबद्दल माझं मत असं की बाकावर शांत बसून बोलणारी दोन माणसं कोणताही नियम मोडत नाहीत. कोणी गैर वागलं तर त्याला उठवा. त्यासाठी चार तास सगळ्यांना बाहेर काढू नका.

मी त्या बागेचा फाटकाजवळचा तुकडा, दोन रेन ट्रींखालचा, दुपारी उघडा ठेवायला सुरुवात केली. आतल्या बाजूला एक दोरी बांधली. पहारेकऱ्याला जेवताना तो तुकडा दिसत राहायचा. काय झालं? बायका जेवल्या, दोन-चार डिलिव्हरीवाली मुलं पाठीवरची पेटी उतरवून बाकावर आडवी झाली, एक म्हातारे गृहस्थ पेपर घेऊन यायला लागले. कचरापेटी दुपारी एकदा जास्त रिकामी करावी लागली. एवढाच वाढीव खर्च. माझी बदली झाल्यावर दार पुन्हा बंद झालं. मी ती व्यवस्था लेखी आदेशात न आणता तोंडी ठेवली होती, ती माझी चूक. तुम्ही जे काही मिळवाल ते लेखी मिळवा.

बाकी नियमांत काहींना आधार आहे, काहींना नाही, म्हणून ते वेगळे करून बघा.

हिरवळीवर बसू नये, या नियमाला पावसाळ्यात पूर्ण अर्थ आहे. जुलैत ओल्या हिरवळीवर पाय ठेवा, टाचेभोवती पाणी वर येतं. पाय उचलला की खळगा तसाच राहतो. माती दाबली गेली की तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि ऑक्टोबरात तिथे टक्कल पडतं. पण नोव्हेंबर ते मे हिरवळ बंद ठेवायला काही कारण नाही, फेरपालट केली तरी पुरे. आम्ही अर्धी हिरवळ दोरी लावून विश्रांतीला सोडायचो, अर्धी बसायला उघडी, पंधरा दिवसांनी उलट. दाट सावलीत हिरवळ तशीही नीट टिकत नाही. तिथे ती राखत बसण्यापेक्षा पालापाचोळा पसरून लोकांना सरळ बसू द्यावं.

खाण्याच्या बंदीत मी डबा आणि पाकीट वेगळे करीन. पोळीभाजीच्या डब्यानं बाग घाण झालेली मी पाहिली नाही, डबा माणूस घरी परत नेतो. त्रास होतो तो चकचकीत पाकिटांचा, आणि सांडलेल्या खाण्यावर येणाऱ्या उंदरांचा आणि कावळ्यांचा. बंदी पाकिटांवर ठेवा. आणि बागेच्याच आवारात खाद्यपदार्थांचा ठेका दिलेला असेल आणि बाहेरचा डबा चालत नसेल, तर तो नियम स्वच्छतेसाठी नाही, ठेकेदारासाठी आहे. हे नक्की विचारा.

चेंडू: छोट्या बागेत म्हातारी माणसं आणि टेनिस बॉलचं क्रिकेट एकत्र नांदत नाही, मान्य. चार ते साडेपाच एका कोपऱ्यात लहान मुलांना मऊ चेंडू, एवढी सोय बहुतेक ठिकाणी होते. फोटोचं शुल्क असेल तर मोबाइलला नसावं. लग्नाआधीच्या चित्रीकरणाला जरूर असावं, कारण ते लोक तासभर एक कोपरा अडवतात आणि त्यातून कोणाचा तरी धंदा होतो.

एक गोष्ट तुमच्या फलकावर नाही, पण फाटकात असेल. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बऱ्याच बागांना नागमोडी लोखंडी अडसर बसवतात. चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. बाजूच्या मोठ्या फाटकाला कुलूप, किल्ली मुकादमाकडे, मुकादम दुसऱ्या बागेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असं सांगतो. दिव्यांगांना शुल्क माफ असं खिडकीवर ठळक लिहायचं आणि अडसर मात्र तसाच ठेवायचा, हे मी स्वतः एका बागेत तीन वर्षं चालू दिलं. एका मुलाच्या वडिलांनी त्याला उचलून आत नेलं आणि खुर्ची वरून पलीकडे काढून घेतली, ते बघितल्यावर अडसर कापायला लावला. तुमच्याकडे काय आहे ते बघा.

आता कोण ठरवतं ते. रीत अशी की शुल्काचा प्रस्ताव प्रशासन मांडतं, तो बाजार व उद्यान समितीपुढे आणि मग सभागृहापुढे जातो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर हे अधिकार प्रशासकाकडे गेले होते. म्हणून तुमच्या शुल्काच्या ठरावाची तारीख महत्त्वाची आहे. त्यावर लोकप्रतिनिधींसमोर चर्चा झाली होती का, हे त्यावरून कळतं. काही वेळा ठराव सापडतच नाही. दत्तक किंवा काळजीवाहू तत्त्वावर बाग घेतलेल्या संस्थेनं स्वतःच खिडकी उघडलेली असते. मोकळ्या जागा अशा तत्त्वावर देण्यावरून मुंबईत २०१६ मध्ये मोठा वाद झाला आणि ते धोरण थांबवावं लागलं, त्यामागे हीच भीती होती: सांभाळायला दिलेली जागा सांभाळणाऱ्याचीच होऊन बसते. मला एका बागेत अशी परवानगीशिवाय उघडलेली खिडकी सापडली होती. ठरावाची प्रत मागितल्यावर आठवड्यात ती बंद झाली, भांडावं लागलं नाही.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. तुमच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच. मत विचारू नका. "हे योग्य आहे का" याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: शुल्क मंजूर केल्याच्या ठरावाची किंवा आदेशाची प्रत, गेल्या बारा महिन्यांत विकलेली तिकिटं आणि जमा रक्कम, तिकीट गोळा करण्यावर त्याच काळात झालेला खर्च, सवलतीच्या प्रवर्गांची यादी, दुपारी बाग बंद ठेवण्याचा लेखी आदेश. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

अर्ज जाईपर्यंत दुसरं काम करा. पंधरा दिवस, रोज एक तास, फाटकापासून थोडं दूर बसा आणि वहीत लिहा: किती आले, किती फलक वाचून परत गेले, साधारण कोण. सासूबाईंना सोबत घ्या, त्यांना ओळखीची माणसं जास्त दिसतील. कोणाचे फोटो काढू नका, नावं लिहू नका. दुपारी कठड्यावर कोण बसतं तेही लिहा. ही वही आणि ठरावाची प्रत एकत्र घेऊन गेलात तर सहायक आयुक्तांच्या टेबलावर बोलायला ठोस काहीतरी असेल.

मागणी करताना सगळं एकदम मागू नका. माझ्या अनुभवात दुपारचं दार सगळ्यात लवकर उघडतं, कारण त्याला पैसा लागत नाही, फक्त पाळीपत्रक बदलावं लागतं. मग मुलांना आणि ज्येष्ठांना माफी. मग रोज येणाऱ्यांना नाममात्र पास. पूर्ण शुल्क रद्द व्हायला वर्ष जाऊ शकतं, आणि त्यासाठी जमा-खर्चाचा तो कागद हातात लागेल. तो आला की आकडे इथे लिहा. खिडकीचा खर्च त्यातून कसा वेगळा काढायचा आणि पुढचं पत्र कसं लिहायचं, ते मी सांगते.